आप्पांचं मौन आणि रंगाची बादली

आमच्या आप्पांचा आवाज एका लग्नाच्या वरातीने नेला. पण तो आवाज काय चीज होती हे आधी सांगायला हवं, नाहीतर काय गेलं तेच तुम्हाला कळणार नाही. आप्पा फुटाणेवाले. शिरूर कासारला घरामागे आमची भट्टी, आणि आठवडाभर भोवतालच्या गावांचे बाजार. बाजारात आप्पा चण्याच्या पोत्यावर उभे राहायचे, कपाळावरचं भस्म घामाने ओघळू नये म्हणून मान जरा मागे टाकायचे, डावा हात कानावर ठेवायचे आणि हाळी द्यायचे: "बसलिंगाचे फुटाणेऽऽ, आधी खा, मंग बोला." बसलिंग हे त्यांचंच नाव. ही हाळी शिरूरला दिली की तिकडे तेलगावात माझा मामा म्हणायचा, दाजींचा बाजार लागला वाटतं. भर पावसाळ्यात आप्पा ओरडले की कपिलधारचा धबधबा खाली पडता पडता घटकाभर थबकायचा आणि दर्शनाला आलेल्या लोकांना पलीकडचा कोरडा खडक दिसायचा. एकदा एक म्हैस दोन व्यापाऱ्यांच्या सौद्यात उभी होती. आप्पांची हाळी ऐकली आणि दावं तोडून थेट जुन्या मालकाच्या गोठ्यात जाऊन बसली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा मी जन्मले नव्हते, पण पाहिलं आहे.

बाजारात फुटाणेवाल्यांची ओळच असते. ढीग सगळ्यांचे सारखे, चण्याचा रंग सारखा, वरून लावलेली हळद सारखी. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परत आल्या की उन्हाळ्यात आमचा बाजार फुगतो. बाया-माणसं, लेकरं, म्हातारी माणसं, सगळे एकदम. त्या गर्दीत गिऱ्हाईक ढीग बघत नाही, ते नाव ऐकून चालत येतं. आमचं घर त्या नावावर चालायचं. बाकी वर्षभर आम्ही फुटाणे विकायचो ते हाताला सवय राहावी म्हणून. खरी कमाई टोळ्या परतल्यावरची.

आणि नेमक्या त्याच तोंडाला ती वरात आली. भर बाजारातून, डीजेची गाडी घेऊन. भांड्यांच्या दुकानातली पातेली आपोआप खाली उड्या मारत होती, असा तो डीजे. कोणीही शहाणा माणूस ती गाडी जाईपर्यंत बिडी ओढत बसला असता. आप्पांनी ते आव्हान समजलं. ते पोत्यावर चढले, हात कानावर ठेवला आणि डीजेच्या वर हाळी द्यायला लागले. गाडी पुढे सरकेना, कारण नवरदेवाचे मित्र नाचत होते, आणि आप्पा मागे हटेनात. शेवटी डीजेचं जनरेटर बंद पडलं. डिझेल संपलं असं डीजेवाला म्हणतो. बाजार काय म्हणतो ते मला माहीत आहे. आप्पा जिंकले. खाली उतरले, पाणी प्यायले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आतून फडकं फाटल्यासारखा आवाज आला.

बीडच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. म्हणाले, "आवाजाच्या पडद्यांवर गाठी धरल्यात. पाऊस लागेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. पाळलं तर आवाज येईल परत. नाही पाळलं तर कायमचा विसरा." आप्पांनी विचारायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी बोट वर केलं. आप्पांचं तोंड मिटलं, आणि आमच्या घरात शांतता राहायला आली.

ती शांतता तुम्हाला कळायची नाही. आमचं घर म्हणजे आवाजाचं घर. पहाटे आप्पा आंघोळ करून लिंगपूजेला बसले की त्यांच्या मंत्रानेच शेजारच्यांच्या कोंबड्यांना जाग यायची. मग भट्टी पेटायची. कढईतली वाळू तापून तांबूस व्हायची, मायने त्यात हळद-मिठाच्या पाण्यात मुरलेला हरभरा टाकला की आधी नुसता सळसळाट, मग एक टच्‌, मग दोन-चार, आणि मग सगळ्या कढईभर आभाळातून गारा पडाव्यात तसा दणका. चाळणीतून वाळू खाली गळायची, फुटाणे वर उरायचे, आणि तो खमंग वास माझ्या केसांत असा बसायचा की एसटीत शेजारची बाई पिशवी हुंगून बघायची. फुटलेल्या दाण्यांचं पीठ करून माय गुळात लाडू वळायची. न्याहारीला ज्वारीची भाकरी आणि डाळ्याची चटणी, इतकी तिखट की पाहुणे चटणी खाऊन आमच्या घरी सत्य बोलायचे. हे सगळं तसंच होतं. फक्त वरचा आवाज गेला. आप्पा आता टाळ्या वाजवून बोलायचे. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे भाकरी, आणि कपाळावर हात मारला म्हणजे माझ्याबद्दल काहीतरी.

माय मुळातच हळू बोलायची. इतकी वर्षं आप्पांच्या शेजारी कोणाला बोलायला जागाच नव्हती म्हणा. आप्पांचं नाव तर तिने लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर 'हे', 'ह्यांनी', 'ह्यांचं'. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे.

पहिल्या मुक्या बाजाराला आप्पांनी ढीग लावला आणि बसले. माणसं समोरून जात राहिली. शेजारच्या पालात काशीमामा, गोडीशेववाले. माणूस मायाळू, पण जिभेला हाड नाही. ते म्हणाले, "बसलिंगआप्पा, आज डोळे मारून इकायचा इचार हाय का काय?" आप्पा हसले. थोड्या वेळाने हसू गेलं. मग मी वळून बघते तर ते पोत्यावर उभे, आणि घशातून तो फडक्याचा आवाज. नाव अर्ध्यातच फाटलं. मी त्यांना ओढून खाली बसवलं. त्या संध्याकाळी त्यांना थुंकी गिळवेना. मायने हळद-दूध पुढे ठेवलं आणि म्हणाली, "अजून एक डाव असं केलं तर मी भट्टीवर पाणी वतीन. आवाज गेल्यावर काय करायचेत फुटाणे?" आप्पांनी कपाळावर हात मारला. या वेळी तो माझ्याबद्दल नव्हता.

मी तेव्हा बीडला आयटीआयला जात होते, इलेक्ट्रॉनिक्सला, पोरींत एकटी. म्हटलं, "आप्पा, तुमी गप्प बसा. तुमच्या जागी डबा वरडल." मोबाइलवर हाळी भरायची आणि बिनवायरच्या स्पीकरवर वाजवायची. वायर असती तर पहिल्याच बाजारात शेळीने खाल्ली असती. दुकानातला तयार स्पीकर आपल्या ऐपतीचा नव्हता, आणि असता तरी त्याचा आवाज आमच्या कढईखाली दबला असता. मग घरीच करायचं ठरलं. भंगारातल्या काळी-पिवळीच्या दारातून मी स्पीकर काढला. त्या जीपने आयुष्यभर भक्तिगीतं आणि शिव्या ऐकलेल्या, त्यामुळे पडदा चांगला तयार होता. आयटीआयच्या अडगळीत एका मेलेल्या लॅपटॉपची बॅटरी मिळाली. ती फोडली तर निम्मे सेल जिवंत. ब्लूटूथचा बोर्ड आणि ॲम्प्लिफायरची पट्टी बीडहून आणली. दोन्ही मिळून काडेपेटीएवढे. आप्पांनी ते तळहातावर घेऊन असे पाहिले की जणू मी त्यांच्या जागी मुंगी उभी करणार होते.

सगळं बसवलं तेलाच्या डब्यात. डबा छान ओरडायचा, पण मोबाइल घेऊन मी हातभर लांब गेले की गप्प. पत्र्यातून ब्लूटूथ बाहेर पडत नाही हे आयटीआयच्या सरांनी शिकवलं होतं. मी त्या दिवशी वर्गात खिडकीजवळ बसले होते. मग रंगाची रिकामी बादली घेतली, प्लॅस्टिकची, झाकणाला गोल भोक पाडून. आता बादली हलकी, वाऱ्याने कलंडायची. माय म्हणाली, "तळाला वाळू घाल की." मला पटलं. आमच्या घरात वाळू म्हणजे भट्टीची वाळू, दुसरी वाळू जगात असते हे आम्हाला ठाऊकच नाही. मायने प्रेमाने पाटीभर वाळू आणून बादलीत ओतली, कढईतून नुकतीच उतरवलेली. बादलीचा तळ बघता बघता पुरणपोळीसारखा मऊ झाला आणि जमिनीला चिकटला. सेल अजून आत घातले नव्हते, नाहीतर हे प्रकरण लिहायला मी राहिले नसते आणि शिरूरही राहिलं नसतं. माय म्हणाली, "थंड करून घालायची व्हती व्हय? तू बोलली न्हाईस." दुसऱ्या बादलीला मामाने तेलगावहून पाठवलेला कापूस आतून ठासला, तळाला गार वाळूची पुरचुंडी ठेवली, आणि बादली अशी वाजायला लागली की भिंतीवरची पाल दारातून रीतसर चालत बाहेर गेली. आज बीडला माझं साउंड सिस्टिमचं दुकान आहे, मोठमोठ्या वरातींच्या पेट्या दुरुस्तीला येतात, पण तसा आवाज नाही. माझी लेक म्हणते, "आई, दर वेळी ती बादली मोठी होत चाललीय." होऊ दे.

आता हाळी कोणाची भरायची? आप्पांचा आवाज कोणी कधी भरून ठेवला नव्हता. वाऱ्यासारखा फुकटचा आवाज, तो बाटलीत कशाला भरायचा. मी माझा भरला. तो एसटी स्टँडवर गाडी रद्द झाल्याचं सांगतात तसा निघाला. आप्पांनी हातानेच नको म्हटलं. काशीमामा म्हणाले, "मी भरतो की. पण मधीच गोडीशेवबी म्हणन." राहिली माय.

आप्पा चणे आणायला गेले होते तेव्हा मी तिला भट्टीपाशी गाठलं. मोबाइल पुढे धरला. ती पदर सावरून म्हणाली, "ह्यांचे फुटाणे घ्या."

"ह्यांचे म्हंजी कुणाचे? नाव घे की माय. नावावरच समदं हाय."

"मला न्हाई जमायचं ते. चारचौघांत नाव घ्यायचं म्हंजी काय चेष्टा हाय का?"

"कोण चारचौघं? बादलीतून निघून पोत्यापत्तूर जाईल आवाज, तेवढाच."

हे मी सांगितलं तेव्हा माझा चेहरा कपिलधारच्या पुजाऱ्यासारखा शांत होता. माय बराच वेळ वाळू परतत राहिली. मग विचारलं, "लांब न्हाई ना जायाचा?" मी मान हलवली. "उखाण्यात घेते मग. तसं घेतलं तर चालतं." तिने मला पाठ करून उभं राहायला लावलं. मागे हरभरा फुटत होता, आणि त्यावरून तिचा आवाज आला, माझ्या अख्ख्या आयुष्यात मी ऐकला नव्हता असा. लग्नातल्या ओवीसारखा, ताठ, गोड:

"तापल्या वाळूत हरभरा फुलतो बाई टपटप,
बसलिंगआप्पांचं नाव घेते, पुड्या घ्या झपझप."

मग म्हणाली, "झालं का? आता ते बंद कर आन् लाकूड सार."

पुढचा बाजार म्हणजे टोळ्यांचा बाजार, वर्षातला सगळ्यात मोठा. मी बादली बांबूला उंच बांधली. आप्पांना वाटत होतं बादलीतून माझंच एसटी स्टँड बोलणार. ते तोंड वाकडं करूनच बसले होते. मी बटण दाबलं. बादलीने टुंग केलं, म्हणजे मोबाइल जोडला गेला. पण माझ्या मोबाइलवर जोडल्याचं दिसेना. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. समोरून माणसांचे लोंढे चालले होते, लेकरं खांद्यावर, नव्या कपड्यांच्या पिशव्या हातात, आणि आमच्या ढिगाकडे कोणी मान वळवेना. पलीकडचा फुटाणेवाला ओरडत होता आणि सगळे तिकडे वळत होते. आप्पांनी बादलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पोत्यावर चढले.

"आप्पा, नका," मी म्हटलं. "डॉक्टर काय म्हणले व्हते?"

त्यांनी डावा हात कानावर ठेवला. मी त्यांचं धोतर धरलं. त्यांची छाती भरत गेलेली मला खालून दिसत होती.

तेवढ्यात बादलीत फोन वाजला.

शेजारच्या भज्यांच्या गाडीवर आमच्या तालुक्याचे तात्या भजी खात होते. तात्या म्हणजे कित्येक निवडणुकांपासूनचे भावी सभापती. त्यांच्या जीपमध्येही तसलाच स्वस्तातला ब्लूटूथ बोर्ड होता, आणि हे सगळे बोर्ड कारखान्यातून एकच नाव घेऊन येतात. जीप बंद होती, बादली चालू होती; तात्यांच्या मोबाइलने आमच्या बादलीलाच आपली जीप समजून मिठी मारली. माझा मोबाइल दाराबाहेर उभा. तात्यांनी फोन कानाला लावला, आणि त्यांच्या मंडळींचा आवाज अख्ख्या बाजारावर कडाडला.

"कुठं हायेत तुमी?"

तात्यांनी फोनकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. आवाज कुठून येतोय ते त्यांना कळेना. ते हळूच काहीतरी बोलले. पण बोललेलं पकडणारा माइकही आता बादलीतलाच होता.

"ऐकू येईना. मोठ्यानं बोला."

तात्यांनी घसा ताणला. "मुंबईत. मंत्रालयात हाय. साहेबांच्या दालनाभायेर बसलोय."

आमच्या बांबूला कोणीतरी शेळी बांधली होती. ती बादलीखालीच बोलली.

"मंत्रालयात शेळी कावून वरडायली?"

बाजार थांबला. म्हणजे खरंच थांबला. तराजू हवेत थांबले, कोणाचा मिरच्यांचा सौदा अर्ध्यावर थांबला. लोक वळले आणि आवाजाच्या दिशेने, म्हणजे आमच्या पालाच्या दिशेने यायला लागले. काशीमामा म्हणाले, "तात्या, दालनातली भजी गार व्हायलीत." तात्यांनी फोन कापला, ब्लूटूथ बंद केलं, आणि जीपकडे असे निघाले की जणू मंत्रालयच तिकडे होतं. आमच्यासमोर सगळा बाजार उभा, हसत. आप्पा अजून पोत्यावर, हात कानावर, छाती भरलेली. आता एवढं गिऱ्हाईक समोर असताना ते गप्प राहतील यावर देवानेही विश्वास ठेवला नसता. त्यांचे ओठ उघडले.

आणि बादलीने पुन्हा टुंग केलं. मी बटण दाबलं. हरभरा फुटल्याचा आवाज आला, आणि त्यावरून माय.

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं, पण श्वास नुसताच बाहेर आला. त्यांनी बादलीकडे पाहिलं. उखाणा संपला, पुन्हा सुरू झाला. पुन्हा त्यांचं नाव आलं. बायांमध्ये हसू फुटलं, एक म्हातारी म्हणाली, "घेतलं गं बाईनं नाव, आता घ्या पुड्या," आणि पदराची गाठ सोडत पुढे झाली. आप्पा हळूच पोत्यावरून उतरले. कानावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही. आता तो ऐकण्यासाठी होता. त्या दिवशी आमचा ढीग भुईसपाट झाला. वाळूसकट विकला असता तर तीही गेली असती.

घरी मायला सगळं कळायच्या आधीच तिच्या चार मैत्रिणी येऊन सांगून गेल्या होत्या. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग आमच्या घरात बोलणारं कोणीच उरलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुढच्या बाजाराला मीबी येते. माझ्या माघारी कायबी लावशील तू." ती आली ती आलीच. पदर डोक्यावर, तराजू हातात, आणि डोक्यावर तिचाच आवाज. आप्पा पुड्या बांधायचे. कोणी थट्टेने म्हणालं, "आप्पा, आता तुमी बी नाव घ्या की वयनींचं," की ते घशाकडे बोट दाखवायचे आणि लाजायचे. आमचे आप्पा लाजतात हे आम्हाला तेव्हा कळलं. गेलेल्या आवाजाखाली बरंच काय काय दडलेलं होतं.

पाऊस लागला तसे आम्ही बीडला गेलो. डॉक्टरांनी नळी घातली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गाठी विरल्या. बोला आता, पण बेताने." आप्पांनी मान डोलावली. दवाखान्यात बोलले नाहीत. एसटीत बोलले नाहीत. घरी मायने भाकरी वाढून समोर बसून वाट पाहिली. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि दुसरी भाकरी मागितली. मायचा जीव खालीवर. मला म्हणाली, "डागदरनं खोटं तर सांगितलं न्हाई?" सगळ्या उन्हाळ्याचे शब्द आत साठलेले, एकदम निघाले तर घराचे पत्रे उडतील म्हणून मी रात्री पत्र्यांवर दगड ठेवायच्या विचारात होते.

मग बाजाराचा दिवस. भुरभुर पाऊस, पालावर प्लॅस्टिकचा कागद. बादली वाजत होती. बातमी सगळीकडे गेली होती. काशीमामांनी गोडीशेव झाकून ठेवली आणि येऊन उभे राहिले. "आज आप्पा बोलणार. कानात बोळे घाला रे." आप्पा पोत्याकडे गेले. लोक दोन पावलं मागे सरकले. त्यांनी पोत्यावर पाय ठेवला नाही. ते वळसा घालून माझ्याजवळ आले, खोकले, आणि नव्या वहाणेसारख्या करकरत्या, बारीक आवाजात म्हणाले,

"बारीक कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणले आप्पा?"

"लई फाटायलाय आवाज. बारीक कर जरा," आप्पा म्हणाले. "ती काय म्हणती ते नीट ऐकू येऊ दे."

मी आवाज बारीक केला. मायने तराजूतून मान वर काढली नाही, पण एका गिऱ्हाइकाला तिने त्या दिवशी दुप्पट फुटाणे मोजून दिले. आप्पा पोत्यावर टेकले, रद्दीचा कागद फाडला आणि पुडी बांधायला लागले.